निरोप्याला थोपवून धरणारे औषध

काही आजार माणसाला अंथरुणाला खिळवतात, तर काही आजार त्याला चारचौघांत खोटे पाडतात. ज्या विकाराविषयी आणि त्यावरील ज्या औषधाविषयी आज आम्ही बोलणार आहोत, तो विकार या दुसऱ्या जातीचा आहे. एखादी गृहिणी सकाळी उठून घर झाडते, पाणी भरते, पोळ्या लाटते. पण दुपारी वेणी घालायला हात वर नेले की ते आपोआप खाली येतात. एखादे शिक्षक वर्गात धडा वाचू लागतात तेव्हा त्यांचा आवाज खणखणीत असतो. दोन पाने होत नाहीत तोच शब्द नाकातून येऊ लागतात आणि शेवटी शेवटी समजेनासे होतात. जेवायला बसलेला मनुष्य अर्धी भाकरी सुखाने खातो आणि पुढचे घास हनुवटीला हाताचा आधार देऊन चावतो. संध्याकाळ झाली की डोळ्याची पापणी खाली उतरते आणि एका दिव्याचे दोन दिवे दिसू लागतात. आणि दैवदुर्विलास असा की, घटकाभर पडून राहिले की यातले बरेचसे पुन्हा ठीक होते!

घरच्या मंडळींना हे कोडे उलगडत नाही. 'मघाशी तर चांगली होतीस, आता काय झाले?' असा प्रश्न येतो आणि त्या प्रश्नात संशय असतो. सकाळच्या वेळी वैद्याकडे जावे, तर तपासणीत फारसे काही सापडत नाही. मग कोणी म्हणते, हे कामचुकारपणाचे सोंग आहे. कोणी म्हणते, मनाचा खेळ आहे. कोणी दृष्ट काढते, कोणी देवऋषी गाठते. रोगापेक्षा या अविश्वासानेच रोगी अधिक खचतो. म्हणून या विकाराची आणि त्यावरच्या औषधाची ओळख केवळ डॉक्टरांना असून भागत नाही. ती तुम्हा-आम्हांलाही असली पाहिजे.

या विकाराला मायस्थेनिया ग्रेविस म्हणतात. पहिला शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ स्नायूंची दुर्बलता. दुसरा लॅटिन असून त्याचा अर्थ गंभीर. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ साली एका स्त्रीचे वर्णन लिहून ठेवले आहे. ती बराच वेळ बोलली की तिची वाचाच बंद होई. ते वर्णन याच विकाराचे असावे असे आज मानतात. हा रोग विरळा आहे. दहा लाख वस्तीत सुमारे दीडशे ते अडीचशे माणसांना तो असतो. परंतु आपल्या राज्याची लोकसंख्या ध्यानात घेतली, तर विरळा म्हटलेल्या या रोगाचे हजारो रोगी आपल्यातच वावरत आहेत हे उघड आहे. तो तरुण स्त्रियांत आणि उतारवयातील पुरुषांत अधिक आढळतो. हिंदी चित्रपटसृष्टीतील प्रसिद्ध नट अमिताभ बच्चन यांनाही १९८४ च्या सुमारास हा विकार झाला होता, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

निरोप पोचतो कसा?

हात वर करावा असे आपल्या मनात येते आणि हात वर होतो. ही गोष्ट इतकी नित्याची आहे की, तिच्यात काही विचार करण्यासारखे असेल असे वाटतच नाही. मेंदूतून निघालेली आज्ञा मज्जातंतूंतून विजेच्या रूपाने स्नायूपर्यंत येते. पण मज्जातंतू स्नायूला चिकटलेला नसतो. दोहोंच्या मध्ये एक फट असते. एका मिलिमीटरचे वीस हजार भाग केले तर त्यातील एका भागाएवढीच ती असेल. परंतु वीज तेवढी फटही ओलांडू शकत नाही. मग आज्ञा पलीकडे जाते कशी?

याचे उत्तर मिळायला १९२१ साल उजाडावे लागले. ऑस्ट्रियातील ग्रात्स या गावी ओटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकांची दोन हृदये घेतली. हृदयाची गती मंद करणारा मज्जातंतू त्याने पहिल्या हृदयात चेतविला, ते मंदावले; मग त्या हृदयातील द्रव त्याने दुसऱ्या हृदयाला दिला, तो काय, तेही मंदावले! दुसऱ्या हृदयाच्या मज्जातंतूला तर कोणी हातही लावला नव्हता. म्हणजे मज्जातंतूच्या टोकातून काही द्रव्य पाझरते आणि तेच निरोप पोचवते, हे सिद्ध झाले. पुढे हे द्रव्य ॲसिटिलकोलीन असल्याचे ठरले. हाताच्या वा पायाच्या स्नायूंनाही हेच द्रव्य निरोप देते, हे लंडनमध्ये हेन्री डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. डेल आणि लोवी यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या सूक्ष्म फटीची कल्पना यावी म्हणून आम्ही तिला एक अंगण म्हणू. अंगणाच्या एका बाजूला मज्जातंतूचे टोक, दुसऱ्या बाजूला स्नायूचे घर. घराला असंख्य दारे आहेत. आज्ञा आली की मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीनचे निरोपे हजारोंच्या झुंडीने अंगणात उतरतात आणि दारे ठोठावतात. पुरेशी दारे उघडली की स्नायू आखडतो आणि हात वर होतो.

पण निरोप देऊन झाल्यावर हे निरोपे अंगणातच घुटमळत राहिले, तर दारे वाजतच राहतील आणि स्नायूला पुढचा निरोप वेगळा असा ऐकूच येणार नाही. म्हणून निसर्गाने अंगणात एक चौकीदार ठेवला आहे. कोलिनेस्टरेज हे त्याचे नाव. हे एक एन्झाइम, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांतील शब्दात सांगायचे तर विकर आहे. समोर येईल त्या निरोप्याचे तो दोन तुकडे करतो आणि हे काम इतक्या झपाट्याने करतो की, एका सेकंदात हजारो निरोप्यांचा निकाल लागतो. निरोप्याला अंगणात मिळणारा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा असतो.

दारेच कमी झाली तर?

निरोगी माणसात निसर्गाचा हात सढळ असतो. जितके निरोपे लागतात त्याच्या कितीतरी पट पाठविले जातात आणि दारेही गरजेपेक्षा पुष्कळ अधिक असतात. आपण एकच हालचाल पुनःपुन्हा केली की प्रत्येक वेळी उतरणाऱ्या निरोप्यांची संख्या थोडी थोडी कमी होत जाते. पण शिल्लक इतकी मोठी असते की आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

मायस्थेनियाच्या रोग्यात निरोपे पुरेसे असतात, चौकीदारही नेहमीचाच असतो; दारे मात्र फार थोडी उरलेली असतात. बाहेरच्या रोगजंतूंशी लढण्यासाठी आपले शरीर जी प्रतिपिंडे तयार करते, त्यांतली काही वाट चुकून स्वतःच्याच स्नायूंच्या दारांवर चालून जातात. काही दारे अडवतात, काही मोडून टाकतात. ग्लासगोचे डॉक्टर जॉन सिम्पसन यांनी १९६० मध्ये असा तर्क मांडला होता. १९७३ मध्ये पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांना त्याचा पुरावा जवळजवळ अनपेक्षितपणे हाती लागला. विजेचा धक्का देणाऱ्या ईल माशातील ही दारे वेगळी काढून त्यांनी सशांना टोचली, तेव्हा सशांच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आणि सशांना मायस्थेनियासारखाच लुळेपणा आला. त्याच वर्षी अमेरिकेत फॅम्ब्रो, ड्रॅकमन आणि सत्यमूर्ती यांनी रोग्यांच्या स्नायूंतील दारे मोजली, ती खरोखरच फार थोडी भरली. ही मोजणी करायला त्यांनी मण्यार जातीच्या एका सापाच्या विषातील द्रव्य वापरले, कारण ते द्रव्य नेमके या दारांनाच घट्ट चिकटते.

आता संध्याकाळी उतरणाऱ्या पापणीचे कोडे उलगडते. सकाळी, विश्रांतीनंतर, निरोप्यांची संख्या भरपूर असते आणि थोड्या दारांवरही काम भागते. श्रम होत गेले की निरोपे घटतात, शिल्लक मुळातच नसल्यामुळे निरोप अपुरा पडतो आणि स्नायू थांबतो. विसावा मिळाला की साठा भरतो आणि स्नायू पुन्हा चालू लागतो. म्हणजे 'मघाशी ठीक आणि आता नाही' हे या रोगाचे सोंग नव्हे, तर हेच त्याचे मुख्य लक्षण आहे. दिवसभर उघडझाप करणाऱ्या पापण्या आणि सतत फिरणारे डोळे यांच्यापासून या रोगाची बहुधा सुरुवात होते, हेही लक्षात ठेवावे.

दारे कमी असली तर काय करावे? नवी दारे बसविणे हातात नसेल, तर दुसरा उपाय उरतो : निरोप्याला अंगणात थोडा अधिक वेळ थांबू द्यावे, म्हणजे तो उरलेली दारे पुनःपुन्हा ठोठावील. आणि निरोप्याला थांबवायचे तर चौकीदाराला आवरले पाहिजे. आमच्या विषयातील औषध एवढेच करते. पण हे औषध सापडले मात्र एका विषापासून.

दिव्याची बी

पश्चिम आफ्रिकेत, आजच्या नायजेरियाच्या किनाऱ्यावर, कॅलाबार नावाचे बंदर आहे. तेथील एफिक लोकांत एका वेलीच्या तपकिरी बिया न्यायदानासाठी वापरीत. कोणावर चेटकाचा वा अन्य अपराधाचा आरोप आला की त्याला ही बी खावी लागे. ओकून पडली तर तो निर्दोष. मेला तर अपराधी. आपल्याकडील दिव्याच्या चालीशी हे जुळते. याज्ञवल्क्यस्मृतीत तुला, अग्नी, जल, विष व कोश अशी पाच दिव्ये सांगितली आहेत. त्यांतील विषदिव्याचेच हे आफ्रिकेतील भावंड म्हणता येईल.

ही बी स्कॉटलंडमधील एडिंबरोला पोचली. तेथील प्राध्यापक रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनी १८५५ साली तिचा प्रयोग स्वतःवरच केला. थोडीशी बी खाल्ल्यावर अंगातील शक्ती जाऊ लागली आणि नाडी बिघडली, तेव्हा त्यांनी दाढीसाठी ठेवलेले साबणाचे पाणी पिऊन वांती करून घेतली, म्हणून ते वाचले. एडिंबरोतच डग्लस आर्गाइल रॉबर्टसन यांनी १८६३ मध्ये दाखविले की, या बीच्या अर्काने डोळ्याची बाहुली बारीक होते. पुढल्या वर्षी जर्मनीत योब्स्ट आणि हेस यांनी बीतील मुख्य द्रव्य वेगळे काढले. त्याला फायसोस्टिग्मीन हे नाव मिळाले. नंतर ते डोळ्यांच्या काचबिंदूवर वापरले जाऊ लागले. १९०० साली व्हिएन्नात याकोब पाल यांना असे आढळले की, दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणांना जे कुरारे नावाचे विष लावतात, त्याने लुळे झालेले जनावर फायसोस्टिग्मीनने पुन्हा हालचाल करू लागते. या निरीक्षणात मायस्थेनियाची किल्ली दडलेली होती. पण ती कुलपाला लावून पाहणारे कोणी पुढे यायला आणखी तीस वर्षांवर काळ गेला.

ग्रीनिच येथील डॉक्टरीणबाई

लंडनच्या ग्रीनिच भागात सेंट आल्फेज हे गोरगरिबांसाठी चालविलेले रुग्णालय होते. संशोधनाची मोठी परंपरा असलेली ती संस्था नव्हे. तेथे मेरी वॉकर नावाच्या स्कॉटिश डॉक्टर नोकरीला होत्या. त्यांच्या देखरेखीखाली मायस्थेनियाची एक रोगी स्त्री होती. रुग्णालयाला भेट देणारे मज्जारोगतज्ज्ञ डेरेक डेनी-ब्राउन यांच्याशी बोलताना असा विषय निघाला की, या रोगाची लक्षणे कुरारेच्या विषबाधेसारखी दिसतात. वॉकरबाईंनी त्यावरून सरळ हिशेब मांडला : लक्षणे कुरारेसारखी असतील, तर कुरारेवरचा उतारा येथेही का लागू पडू नये?

त्यांनी फायसोस्टिग्मीनचे इंजेक्शन दिले. तासाभरातच पापणी वर गेली, हातांत जोर आला, गिळणे सोपे झाले. काही तासांत परिणाम ओसरला. दुसरे इंजेक्शन दिले, पुन्हा तेच घडले. २ जून १९३४ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी हे एका छोट्या पत्राने कळविले. त्याआधी १९३२ मध्ये जर्मनीत रेमेन यांनी या जातीच्या औषधाचा असाच परिणाम नोंदविला होता, पण त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते. वॉकरबाईंच्या पत्राने मात्र या रोगाचे पुढचे सारे शास्त्र फिरवले. ज्या रोगात डॉक्टरांना विश्रांतीखेरीज काही सांगता येत नव्हते, त्यात प्रथमच रोग्याच्या डोळ्यांदेखत पापणी उचलणारे औषध मिळाले. मोठ्या प्रयोगशाळेपेक्षा रोग्यापाशी बसून केलेला नेटका विचार येथे कामी आला, हे आपण विसरता कामा नये.

लगेच १९३५ मध्ये वॉकरबाईंनी निओस्टिग्मीन हे कृत्रिम औषध वापरून दाखविले. पुढे स्वित्झर्लंडमधील रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याचेच भावंड पायरिडोस्टिग्मीन तयार झाले. अमेरिकेत त्याला १९५५ मध्ये मान्यता मिळाली. मेस्टिनॉन या नावाने ते बहुतेकांना ठाऊक आहे. त्याचा परिणाम निओस्टिग्मीनपेक्षा अधिक वेळ टिकतो आणि पोटाला त्रास कमी होतो. म्हणून रोज घ्यावयाची गोळी म्हणून तेच रूढ झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत या दोन्ही औषधांना जागा आहे.

गोळी करते काय?

पायरिडोस्टिग्मीनचा रेणू चौकीदारापुढे येतो, तेव्हा चौकीदार त्याला नेहमीचा निरोप्या समजून फोडायला जातो. पण या रेणूचा एक तुकडा त्याच्या तोंडात चिवट घासासारखा अडकून बसतो. तो घास सुटेपर्यंत चौकीदाराला दुसरे काही करता येत नाही. काही वेळाने घास आपोआप सुटतो आणि चौकीदार पूर्ववत कामाला लागतो. म्हणूनच गोळीचा गुण अर्ध्या-पाऊण तासात दिसू लागतो आणि साधारणतः तीन ते चार तासांनी ओसरतो. घास चावायला व गिळायला त्रास होत असेल तर गोळी जेवणापूर्वी अर्धा-एक तास घ्यायला डॉक्टर सांगतात, त्याचे कारण हेच.

हेच तत्त्व इतर ठिकाणीही कामास येते. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देताना स्नायू सैल करणारी औषधे देतात. ती कुरारेच्याच वाटेने जातात आणि शेवटी त्यांचा परिणाम उतरविण्यासाठी अनेकदा निओस्टिग्मीनच टोचतात. आपल्या खेड्यापाड्यांत नाग चावल्यावर रोग्याच्या पापण्या मिटू लागतात, कारण नागाचे विष हीच दारे अडवते. अशा वेळी सर्पविषावरची लस हा मुख्य उपाय; पण तिच्या जोडीला ॲट्रोपीनसह निओस्टिग्मीन देऊन पाहण्याची पद्धत आपल्या देशातील उपचारक्रमात आहे. मण्यारीचे विष मात्र मुख्यतः निरोपे पाठविणाऱ्या मज्जातंतूच्या टोकावरच घाला घालते. निरोप्याच निघाला नाही तर चौकीदाराला आवरून काय उपयोग? म्हणून तेथे हे औषध सहसा चालत नाही.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. उतरलेल्या पापणीवर कपड्यात गुंडाळलेला बर्फ दोन मिनिटे धरला, तर मायस्थेनियाच्या रोग्याची पापणी बहुधा वर येते. थंडीने चौकीदाराचे काम मंदावते, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. डॉक्टर ही साधी चाचणी निदानासाठी वापरतात. पक्के निदान मात्र रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी आणि स्नायूंची विद्युत्-चाचणी यांवरच होते.

मात्रेचे महत्त्व

येथवर ऐकून कोणाला वाटेल की, एका गोळीने पापणी उघडते तर चार गोळ्यांनी मनुष्य मल्ल होईल! हीच समजूत सर्वांत घातक आहे. हे औषध शक्ती देत नाही; ते फक्त निरोप्याला थांबवते. निरोपे फारच वेळ थांबले आणि दारे अखंड वाजत राहिली, तर घरातील माणसे दारांना कडी घालून बसतात. म्हणजे स्नायू पुन्हा दुबळा होतो. आणि या वेळी तो औषध कमी पडल्याने नव्हे, तर जास्त झाल्याने दुबळा होतो. रोग वाढल्याने येणारा अशक्तपणा आणि औषध अधिक झाल्याने येणारा अशक्तपणा वरवर सारखेच दिसतात; पण एकाचा उपाय दुसऱ्याला मारक. म्हणून अशक्त वाटले की आपल्या मनाने गोळी वाढवायची, असे कधीही करू नये.

शिवाय ॲसिटिलकोलीन हा निरोप्या केवळ स्नायूंच्या अंगणात नसतो. आतडी, लाळग्रंथी, हृदय येथेही तो कामावर असतो आणि औषधाला घर ओळखता येत नाही. त्यामुळे पोटात मुरडा येणे, जुलाब, तोंडाला पाणी सुटणे, घाम, नाडी मंद होणे, स्नायू फुरफुरणे असे त्रास होऊ शकतात. सुदैवाने पायरिडोस्टिग्मीन मेंदूत फारसे शिरत नाही. याउलट स्मृतिभ्रंशावर देतात ते डोनेपेझिल याच कुळातले असून ते मुद्दाम मेंदूत शिरेल असे बनविलेले आहे. पायरिडोस्टिग्मीन मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. म्हणून मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याला मात्रा कमी लागते. दमा असणाऱ्याने तो आधीच डॉक्टरांना सांगितला पाहिजे.

चौकीदाराला कायमचे बंद पाडले तर काय होते, हे पाहायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. शेतावर फवारण्यात येणारी ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशके हेच करतात. त्यांचा घास चौकीदाराच्या तोंडातून आपणहून सुटत नाही म्हटले तरी चालेल. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. तेथे वापरलेल्या रसायनांत इतरही प्रकार होते, पण ही जातही होती. अशा रोग्याला ॲट्रोपीन देतात. धोतऱ्यात असणारी द्रव्ये याच कुळातली आहेत; परंतु त्यावरून कोणी धोतरा खाऊ घालण्याचा घरगुती प्रयोग करू नये, कारण धोतराही मात्रा चुकली की जीव घेतो. रोग्याला रुग्णालयात नेणे हाच उपाय. औषध आणि विष यांचे कूळ एक असू शकते. घास किती वेळ अडकतो आणि मात्रा किती, एवढ्यावरच दोहोंतील अंतर ठरते.

औषध काय करीत नाही?

हे औषध रोग बरा करीत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. दारे मोडणारी प्रतिपिंडे ते थांबवीत नाही. त्यासाठी वेगळे उपचार आहेत. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. अनेक रोग्यांत ती वाढलेली असते आणि दहापंधरा टक्क्यांत तिच्यावर गाठ असते. अमेरिकन शल्यवैद्य आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी १९३६ मध्ये मायस्थेनियाच्या एका तरुण स्त्रीची अशी गाठ काढली आणि तिची प्रकृती सुधारली. गाठ नसलेल्या रोग्यांतही ग्रंथी काढल्याने लाभ होतो की नाही, हा वाद पुढे ऐंशी वर्षे चालला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांत मिळून केलेल्या पद्धतशीर अभ्यासाने तो लाभ दाखवून दिला. प्रेडनिसोलोन, ॲझाथायोप्रीन यांसारखी औषधे प्रतिपिंडे तयार करणाऱ्या यंत्रणेला आवर घालतात. संकटाच्या वेळी रक्तातील द्रव बदलणे किंवा शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देणे, असे उपाय करतात. काही थोड्या रोग्यांत प्रतिपिंडे वेगळ्याच घटकाविरुद्ध असतात. त्यांना पायरिडोस्टिग्मीनचा फारसा गुण येत नाही, उलट त्रासच होतो.

मग ही गोळी घ्यायची कशाला, असे कोणी विचारील. उत्तर असे की, मुळावरच्या उपायांना गुण यायला आठवडे, महिने लागतात. आणि मनुष्याला आज दुपारी जेवायचे असते. तेवढा आजचा दिवस ही गोळी त्याला मिळवून देते. ती आजच्या दिवसाची सोय आहे, हे ओळखून वापरली म्हणजे ती थोर औषध ठरते; तिलाच सारा इलाज समजले, तर मुळावरचा उपाय राहून जातो.

आणखी एक दक्षता. काही नेहमीची औषधे या रोग्यांचा अशक्तपणा एकाएकी वाढवतात. जेंटामायसिनसारखी इंजेक्शने, सिप्रोफ्लॉक्सासिन व ॲझिथ्रोमायसिनसारखी जंतुनाशके, हिवतापावरचे क्विनाईन, शिरेतून दिलेले मॅग्नेशियम, रक्तदाबावरची काही औषधे ही त्यांतली होत. तेव्हा रोग्याने आपल्या आजाराचे नाव लिहिलेला कागद जवळ बाळगावा, आणि साध्या तापासाठीही दुकानातून स्वतःच गोळ्या आणू नयेत. दात काढायचा असो की शस्त्रक्रिया असो, आधी आजाराचे नाव सांगावे. श्वास अपुरा पडू लागला, गिळता येईना, तोंडातील लाळही आवरेना, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. हा रोग जीव घेतो तो श्वासाच्या स्नायूंवाटे; आणि वेळेवर कृत्रिम श्वासाची सोय झाली तर अशा संकटातून बहुतेक रोगी बाहेर पडतात.

योग्य उपचार चालू असलेले पुष्कळ रोगी आज नोकरी करतात, संसार करतात, मुलेबाळे वाढवतात. त्यांना आपल्याकडून काही मोठे नको असते. कामाच्या मध्ये थोडी विश्रांती, गोळीच्या वेळेची घरातल्या इतरांनाही आठवण, सणावारी मोठ्या स्वयंपाकाचा भार वाटून घेणे, आणि मुख्य म्हणजे 'मघाशी तर ठीक होतीस' हे वाक्य न उच्चारणे, एवढे केले तरी पुष्कळ झाले. निरोप पोचवायला गोळी मदत करते. विश्वास ठेवण्याचे काम मात्र आपल्यालाच करावे लागते. आपल्या ओळखीत कोणाची पापणी संध्याकाळी उतरत असेल, कोणाचा जबडा जेवता जेवता थकत असेल, तर त्याला सोंगाडा ठरविण्यापूर्वी मज्जारोगतज्ज्ञाकडे घेऊन जावे, एवढीच विनंती करून आम्ही हा विषय पुरा करतो.